खाजन, मीठ आणि चौथ्या वर्षाचा प्रकल्प: दोन विषयांच्या मधलं संशोधन शिकायचं कसं?

ओहोटी | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. चार वर्षं नुसती वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी फोंडा तालुक्यातली, जुवारीकाठच्या गावातली. रसायनशास्त्रात बीएस्सी, चौथं वर्ष, म्हणजे नवीन धोरणातलं संशोधनासह ऑनर्स. वर्षअखेर लघुप्रबंध द्यायचाय. मी विषय लिहून दिला: 'गोव्यातील खाजन शेती: एक आंतरविद्याशाखीय अभ्यास'. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, "हा विषय कुठे, ही तर ग्रंथमाला झाली." कायदा-इतिहासाचं विचारायला दुसऱ्या विभागातल्या एका सरांकडे गेले, तर त्यांनी "केमिस्ट्रीवाल्यांचं इथे काय?" असं म्हणून चहा पाजला आणि परत पाठवलं. चहा चांगला होता.

गोव्याबाहेरच्यांसाठी: खाजन म्हणजे खाडीलगतची, भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली शेतजमीन. बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलेलं असतं. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. लाकडी फळ्यांचं. भरतीला बाहेरचं पाणी ढकलतं आणि दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं आणि ते उघडतं. वीज नाही, मोटर नाही.

आमच्या घराखालच्या खाजनात आजोबांच्या वेळी कोरगुट पिकायचा. खाऱ्या जमिनीत तग धरणारं भात. आता अर्ध्याहून जास्त जमीन पडीक आहे. मी मानशीच्या आतल्या अंगाला, पाटात, दर रविवारी सकाळी दहाला पाण्याची विद्युतवाहकता मोजतेय. मीठ जास्त तर वाहकता जास्त, इतकं सोपं. नऊ रविवार झाले. आलेख करवतीसारखा आलाय. एका रविवारी वर, पुढच्या रविवारी खाली, परत वर, परत खाली. मॅडम म्हणतात मीटर बिघडला असणार. पण दर वेळी निघण्याआधी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात तपासते, १४१३ मायक्रोसीमेन्स दाखवतो. २५ अंशाला तेवढाच दाखवायला हवा.

रसायनशास्त्र सांगतं मीठ वाढलं. आजोबा सांगतात गावकारी, म्हणजे बांध-मानशी सांभाळणारी गावाची जुनी सामायिक संस्था, गेली आणि सगळं गेलं. दोघांना एका प्रबंधात कसं बसवायचं? इतिहास वाचायची सवय नाही. लिहायचं कसं तेही कळत नाही. कुठून सुरू करू?

वाचनमात्र_१ | रविवार, रात्री ९:५२

वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्या भाच्याचं पण हेच चाललंय.

पाटोकर | रविवार, रात्री ११:०५

मॅडमचं बरोबर आहे. 'एक अभ्यास' हे शब्द शीर्षकात दिसले की समजावं, प्रश्न अजून सापडलेला नाही.

एक करून बघ. कागदावर उत्तराचं वाक्य लिही. खरं-खोटं नंतर बघू, पण प्रबंध संपल्यावर तू कोणतं एक वाक्य म्हणू शकशील? 'खाजन शेती महत्त्वाची आहे' हे वाक्य नाही, त्याला कोणी नाही म्हणणार नाही. ज्याला कुणीतरी शहाणा माणूस 'छे, असं नसेल' म्हणू शकेल, असं वाक्य हवं. ते जमलं की त्याच्यासाठी काय मोजायचं, काय वाचायचं, कुणाला विचारायचं हे आपोआप ठरतं. उलट्या दिशेने गेलीस, म्हणजे आधी 'रसायन अधिक इतिहास अधिक समाजशास्त्र' असं ताट वाढून घेतलंस, तर तीन प्रकरणं होतील आणि तिन्ही एकमेकांशी बोलणार नाहीत. असे प्रबंध मी ढिगाने पाहिलेत. प्रकरण दोन इतिहास, प्रकरण तीन मातीचे नमुने, आणि उपसंहारात 'अशा प्रकारे'.

कुळागर | सोमवार, सकाळी ७:२०

मी जरा कडू बोलतो. हे आंतरविद्याशाखीय प्रकरण फॅशन आहे. आधी एक विषय धड शिकावा. चार वर्षांत रसायनशास्त्रच पुरतं येत नाही, त्यात आणखी इतिहास आणि कायदा. धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

पाटोकर | सोमवार, सकाळी ८:४५

@कुळागर, अर्धं सहमत. पण मग दामोदर कोसंबींचं काय करायचं? १९०७ साली गोव्यात जन्मलेला माणूस, पेशाने गणिती. प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली, नाणी कोणती आधीची, कोणती नंतरची, हा इतिहासकारांचा प्रश्न. कोसंबींनी तो तराजूवर आणला. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन घटतं, आणि सगळी सारखी झिजत नाहीत म्हणून वजनातला फरक वाढत जातो. हे आधी त्यांनी आजच्या चलनातली नाणी तोलून पडताळलं आणि मगच जुन्या साठ्यांना लावलं.

यातली गोम बघा. संख्याशास्त्र त्यांना पक्कं येत होतं, म्हणून ते इतिहासात कामी आलं. म्हणजे तुमचं 'एक विषय धड शिका' बरोबरच. पण तो शिकून घरातच ठेवायचा असा काही नियम नाही.

कुळागर | सोमवार, सकाळी ९:०२

कोसंबी एकच झाले हो.

निवृत्त_खलाशी | सोमवार, दुपारी ३:३०

मी शिकलेला नाही फार. फेरीबोटीवर आयुष्य गेलं. बाय ओहोटी, नाव तर छान घेतलंयस, पण एक विचारतो. रविवार हा वार तुझा. पाण्याला वार कळत नाही, तिथी कळते. तू मोजलंस त्या रविवारी तिथी कोणती होती?

पुनवेला आणि अवसेला उधाण. अष्टमीला पाणी मरगळलेलं. आज भरती ज्या वेळेला, उद्या तिच्यानंतर पाऊण तास, थोडी जास्तच. सात दिवसांत ती सहा तास पुढे जाते. म्हणजे एका रविवारी दहाला मानशीबाहेर पाणी टम्म भरलेलं असेल, तर पुढच्या रविवारी दहाला तिथे चिखल दिसेल. आमच्याकडे हे पोरांना पण माहीत होतं, धक्क्यावर बोट कुठे लावायची ते त्यावर ठरायचं.

ओहोटी | सोमवार, रात्री १०:१५

काका, मी आत्ता दिनदर्शिका घेऊन बसलेय. वर गेलेला प्रत्येक रविवार पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपासचा आहे. खाली गेलेला प्रत्येक अष्टमीच्या आसपासचा. नऊपैकी नऊ. मी नऊ आठवडे त्या बांधावर उभी राहून मीटरकडे बघत होते. पलीकडे खाडीकडे मान वळवून एकदा पण पाहिलं नाही.

लसावि | सोमवार, रात्री १०:४०

थांबा, उड्या मारू नका. नऊ ठिपक्यांत माणसाला काहीही दिसतं. पण हे तपासता येईल. अवस ते पुनव साधारण पावणेपंधरा दिवस, आणि एक सोडून पुढच्या रविवारापर्यंत चौदा. म्हणजे दर पंधरवड्याला तुझा रविवार पाऊण दिवसाने मागे सरकतो. नऊ रविवारांत तीन दिवसांचा फरक पडला असेल. काकांचं म्हणणं खरं असेल तर करवतीचे दात सगळे सारखे नसणार. जिथे रविवार नेमका पुनवेवर आलाय तिथे टोकदार, आणि तिथून लांब जाल तसे बोथट. आहेत का?

ओहोटी | सोमवार, रात्री १०:५१

शेवटचे तीन बोथट आहेत!! मी ते 'पावसाळा जवळ येतोय म्हणून' असं लिहून ठेवलं होतं वहीत.

लसावि | सोमवार, रात्री १०:५८

ती नोंद खोडू नकोस. वहीत चुकीचा अंदाज आणि त्यापुढे तारीख असणं हीच वहीची किंमत. आता एक उधाणाचा दिवस आणि एक अष्टमीचा दिवस धर. दोन्ही दिवशी तेरा तास बस, कारण भरती ते भरती साडेबारा तासांच्या आत-बाहेर लागतात. दर तासाला एक वाचन आत, एक बाहेर. नऊ रविवारांपेक्षा हे दोन दिवस जास्त बोलतील.

पाटोकर | मंगळवार, सकाळी ८:१०

आता खरी गंमत. मानस नीट मिटत असती तर बाहेर उधाण असो की अष्टमी, आतल्या पाण्याला कळायलाच नको. तुझ्या आलेखात भरती दिसतेय याचा अर्थ दार गळतंय. मॅडमना जो मीटरचा दोष वाटला तो फळीचा दोष आहे.

आणि फळी गळते तर ती बदलायची कोणी? हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. पण रसायनशास्त्रातूनच निघालाय. ताटात वाढून घेतलेला नाही. मला विचारशील तर तुझा विषय इथे आहे.

दस्तऐवज | मंगळवार, दुपारी १:२५

कायद्याच्या बाजूचा सांगाडा देतो, तपशील तू काढ. गावकारीकडे, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत ज्याला कोमुनिदाद म्हटलं तिच्याकडे, बांध-मानशीची देखभाल असायची. १९६१ साली कोमुनिदादींची संहिता आली. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. १९७५ च्या नियमांनी बांधांची सामायिक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक झाला. बारा वर्षांत काम करणारा, पैसे देणारा आणि मालक, तिघांची अदलाबदल झाली.

पण हे झालं कायद्याचं 'कोणी करायचं'. 'कोणी केलं' ते कायद्यात सापडणार नाही. त्यासाठी कुळांच्या संघटनेची हिशेबाची वही बघ. फळीला, माती-पेंढ्याला, मजुरीला कोणत्या साली किती खर्च पडला. वही मिळाली तर तिच्यातली कोरी पानंही वाच. कोरं पान हा पण पुरावा असतो.

वाचायला पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, जुने कागद पुराभिलेखात, खाडीच्या पाण्याबद्दल दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था. जुने प्रबंध शोधगंगेवर फुकट आहेत.

अबोली_रंगाची | मंगळवार, सायंकाळी ६:४०

समाजशास्त्रवाली बोलतेय, कारण इथे एक खड्डा आहे आणि तो कुणी दाखवला नाही. मानस गळतेच असं नाही. मानशीवर मासे पकडायचा लिलाव होतो ना? ओहोटीला पाणी बाहेर पडताना जाळ्यात मासळी येते. आत पाणी जितकं जास्त घ्याल तितकी मासळी जास्त. तेव्हा दार गळतं की रात्री उघडून ठेवलं जातं, हे तुझा मीटर सांगू शकत नाही. दोन्हींत आलेख तोच येईल. ते माणसांना विचारावं लागेल, आणि तिथे जपून. गावात मानस एक, लिलाव घेणारा एक. प्रबंधात नाव बदललंस तरी गावाला कळणारच कोण ते. 'नाव गुप्त ठेवू' असं आश्वासन तू देऊच शकत नाहीस. मग ते देऊ नको. संमती घेताना खरं सांग, की लोक ओळखतील, तरी बोलाल का? नाही म्हणाले तर नाही.

आणखी एक, शब्दांचं. 'नमुना' म्हटलं की तुझ्या मॅडमना बाटली दिसते, मला वीस घरं दिसतात. 'क्षेत्र' म्हटलं की त्यांना हेक्टर, मला गाव. पहिल्याच प्रकरणात सांगून टाक की तू कोणता शब्द कशासाठी वापरतेयस. परीक्षक दोन विभागांतले असतील तर निम्मी भांडणं इथेच मिटतात.

वाचनमात्र_१ | मंगळवार, सायंकाळी ७:१५

अवांतर: कोरगुटची पेज आणि खारातली मिरची. संपलं.

निवृत्त_खलाशी | मंगळवार, सायंकाळी ७:२०

वर सुंगटांची किसमूर घ्या.

ओहोटी | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९:३०

उशीर झाला, सत्र परीक्षा होती. पूर्वसंशोधनाचा आढावा लिहायला घेतलाय. आधी चॅटजीपीटीला संदर्भ विचारले. त्याने पाच दिले. त्यातले तीन पाटोवर शोधले, ग्रंथपालांनी शोधले, असे लेख अस्तित्वातच नाहीत. ग्रंथपाल हसले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार.

प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद टाकतेय. फाडा.

'प्राचीन काळापासून खाजन शेती ही गोव्याची समृद्ध परंपरा राहिली आहे. १५२६ च्या फोरालमध्ये आमच्या गावातील गावकारी बांधांची देखभाल करत असल्याचे दिसून येते. मात्र आधुनिक काळात क्षारता वाढल्याने शेती पडीक झाली.'

दस्तऐवज | शनिवार, रात्री १०:१०

दुसरं वाक्य. १५२६ चा अफोंसो मेशियाचा फोराल, म्हणजे गावांच्या रीतिरिवाजांची पोर्तुगीज सनद, हा तिसवाडीच्या बेटांवरच्या गावांबद्दल आहे. तुझं गाव फोंड्यात. फोंडा पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. सव्वादोनशे वर्षं आधीच्या, खाडीपलीकडच्या कागदात तुझं गाव 'दिसून' कसं येईल? हे तू फोरालमध्ये वाचलेलं नाहीस. कुणाच्या तरी लेखात 'गोव्यातील गावकारी' असं वाचलंस आणि 'गोवा' म्हणजे आजचा गोवा धरलास. नवशिक्याची सगळ्यात साधी चूक आहे, आणि ती प्राध्यापकही करतात. ज्याने लिहिलं त्याच्या काळी त्या शब्दाची हद्द कुठवर होती, ते आधी बघायचं.

आणि तो कागद लिहिणारा महसुलाचा अधिकारी होता. गावाने काय द्यायचं ते ठरवायला त्याने रीतिरिवाज नोंदवले. खोटं लिहिलं असेल असं नाही. पण महसुलाला जे लागत नव्हतं ते त्याने कशाला लिहावं?

अबोली_रंगाची | शनिवार, रात्री १०:३०

पहिलं वाक्य काढून टाक. काढल्यावर काही बिघडतं का बघ. नाही ना?

पाटोकर | शनिवार, रात्री ११:२०

तिसरं माझं. 'क्षारता वाढल्याने शेती पडीक झाली.' तुला हे माहीत आहे का? की शेती पडीक झाली, बांधाकडे जायचं लोकांनी सोडलं, म्हणून क्षारता वाढली? मजुरी परवडेना, मुलं नोकरीला गेली, शेत सोडलं, मग फळी कुजली, असंही असू शकतं. कारण आणि परिणाम यांची जागा तुला मोजून नव्हे, तारखा लावून ठरवावी लागेल. हिशेबाच्या वहीतला शेवटचा खर्च कोणत्या सालचा आणि आजोबांचं शेवटचं पीक कोणत्या सालचं? या दोन तारखांत आधी कोणती? बघ, इतिहास कुठे कामाला आला.

आढाव्याबद्दल एकच. 'अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी असे नमूद केले' अशी लग्नातल्या आहेराची यादी करू नको. वहीत उभे रकाने लेखकांचे नको, प्रश्नांचे कर: मीठ कुठून येतं? दार कोण सांभाळतं? शेत कधी सुटलं? प्रत्येक लेख वाचला की तो कोणत्या रकान्यात काही बोलतो आणि कुठे गप्प आहे ते भर. मातीवाले लेख तिसऱ्या रकान्यात गप्प असतील, कायद्यावाले पहिल्यात. ती रिकामी घरं म्हणजे तुझी जागा. आणि टिपण घेताना लेख मिटून, मराठीत घे. समोर उघडा ठेवून इंग्रजीत घेतलंस की नकळत त्याचीच वाक्यं उतरतात. नक्कल तपासणीत १० टक्क्यांपर्यंत सूट आहे, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी. पण सूट आहे म्हणून उचलायचं नसतं.

कुळागर | रविवार, सकाळी ७:००

मी पहिल्या दिवशी कडू बोललो होतो. अजून फॅशन वाटतं मला, पण हे चाललंय ते फॅशन नाही. एक शंका: पद्धती लिहिताना 'मी' लिहायचं की 'मोजण्यात आले'?

अबोली_रंगाची | रविवार, सकाळी ९:१५

मुलाखतींत 'मी' लिही, कारण कोण विचारतंय यावर उत्तर बदलतं. त्या गावची नात विचारतेय हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. पाण्याच्या वाचनांत 'मोजले' पुरे. आपल्या शाखेत 'मी' म्हणजे प्रामाणिकपणा, त्यांच्या शाखेत 'मी' म्हणजे आगाऊपणा, काय करणार!

ओहोटी | रविवार, रात्री ८:४५

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. नवा परिच्छेद:

'मानशीच्या आतील पाटात नऊ रविवार घेतलेल्या वाचनांत उधाणाच्या आसपासची वाहकता अष्टमीच्या आसपासच्या वाहकतेपेक्षा दर वेळी जास्त आढळली. दार पूर्ण मिटत असते तर हा फरक दिसायला नको होता. दार का मिटत नाही, आणि ते मिटते ठेवण्याचे काम १९६४ नंतर कोणाकडून कोणाकडे गेले, हे या लघुप्रबंधात तपासले आहे.'

मॅडमना दाखवला. त्यांनी 'मिटते ठेवण्याचे' खाली रेघ मारली आणि म्हणाल्या भाषा सुधार. बाकी काही बोलल्या नाहीत. मी समजते पास. चहावाल्या सरांकडेही परत गेले होते, या वेळी नुसता प्रश्न घेऊन, विषय घेऊन नाही. तासभर बसवलं त्यांनी.

हिशेबाच्या वहीचं विचारलं. संघटनेचे जुने खजिनदार आजोबांचे दोस्त निघाले. वही आहे म्हणाले, माळ्यावर, वाळवी लागली नसेल तर.

परवा पुनव. पहाटे पाचला मानशीवर जातेय, संध्याकाळी सहापर्यंत. दोन मीटर, एक आत, एक बाहेर. चुलतभाऊ सोबत येतोय, त्याला दर तासाला वेळ लिहायचं काम दिलंय.

लसावि | रविवार, रात्री ९:००

पाण्याचं तापमान पण लिही, दर वाचनाला. दुपारी पाट तापतो, वाहकता तेवढ्यानेही वाढते.

निवृत्त_खलाशी | रविवार, रात्री ९:१०

चपला घालून चिखलात उतरू नको बाय, तिथेच राहतील. आणि पाचला नको, साडेचारला जा. दार मिटताना बघायचं असेल तर पाणी चढायच्या आधी तिथे असायला हवं.